रोख, उधार आणि खाते : डोंबिवलीतील दैनंदिन देण्याघेण्याचा एक विचार

चलनाचा इतिहास बहुधा टांकसाळीपासून सुरू होतो आणि अर्थखात्याच्या निर्णयापाशी संपतो. नाणे कोणी पाडले, त्यात चांदी किती होती, नोटेमागे तारण काय होते, हे प्रश्न अभ्यासकांनी पुष्कळ हाताळले आहेत. तेच नाणे सामान्य कुटुंबाच्या हाती आल्यावर त्याचे पुढे काय होई, कोणते देणे हातोहात फेडले जाई व कोणते वहीवर मांडले जाई, आणि एकाच घरात या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी का नांदत, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. या दृष्टीने डोंबिवली अभ्यासास सोयीची आहे. तेथे टांकसाळ नव्हती, मोठी व्यापारी पेठही नव्हती. व्यापाराची प्राचीन परंपरा शेजारच्या कल्याणची. डोंबिवली वाढली ती मुंबईत नोकरी करणाऱ्या पगारदार माणसाच्या बिऱ्हाडामुळे. हा वर्ग साक्षर, हिशेबी, टपाल कचेरीत किंवा बँकेत खाते असलेला. असे असूनही नित्याच्या व्यवहारात त्याने रोखीला दीर्घकाळ पहिली पसंती दिली.

ही पसंती म्हणजे एक तर अडाणीपणा किंवा करचुकवेगिरी, असे समीकरण अलीकडे सर्रास मांडले जाते. डोंबिवलीच्या बाबतीत ते अपुरे आहे. येथील रोखीचा खरा प्रतिपक्ष बँक नव्हे, तर उधारी होय. आणि रोख जवळ बाळगण्याचा हेतू संपत्ती दडविणे हा क्वचितच, खर्चाला कुंपण घालणे व आपल्या हिशेबाची माहिती आपल्यापाशीच ठेवणे हा बहुधा असे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे.

लोहमार्गापूर्वीच्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. उल्हास नदीच्या खाडीकाठची ही वस्ती भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगे. आगरी समाजाचे नावच मिठाच्या आगराशी निगडित आहे. बलुतेदाराचा वाटा खळ्यावर धान्यरूपाने दिला जाई, शेतावरची मजुरी पुष्कळदा भातानेच चुकती होई. सरकारी सारा मात्र नाण्यातच भरावा लागे. म्हणजे या गावांच्या अनुभवात नाणे ही प्रथम घराबाहेर जाण्यासाठी आलेली वस्तू होती. ती मिळवावयाची ती साऱ्याकरिता किंवा सावकाराकरिता. गावातल्या गावात देण्याघेण्यास नाण्याची फारशी जरूर पडत नसे, कारण देणारा आणि घेणारा एकमेकांस पिढ्यान्‌पिढ्या ओळखत.

१८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे आणि १८५४ च्या मे महिन्यात कल्याणपर्यंत आगगाडी गेली. या घटनेचा डोंबिवलीवरील परिणाम दिसू लागण्यास बराच अवधी लागला. परंतु विसाव्या शतकात, आणि विशेषतः स्वातंत्र्यानंतर, मुंबईतील जागेच्या टंचाईने कारकून, शिक्षक, छापखान्यातील व गिरणीतील नोकर येथे येऊन राहू लागले. त्यांच्याबरोबर येथे महिन्याच्या पगाराचे कालमान आले. शेतकऱ्याचा हिशेब सुगीचा. चाकरमान्याचा हिशेब एक तारखेचा.

हा पगार रोख मिळे, आणि तो रोखच मिळावा अशी कायद्याची आज्ञा होती, ही गोष्ट आज विसरली गेली आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने कारखान्यांतील व रेल्वेतील, दरमहा २०० रुपयांपेक्षा कमी वेतन असणाऱ्या कामगारांचे वेतन चालू नाण्यात अथवा नोटांतच द्यावे असे बंधन घातले. हजारांपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात ते सातव्या दिवसाच्या आत द्यावयाचे, इतरत्र दहाव्या. मालकाने पगाराऐवजी आपल्याच दुकानातील माल माथी मारू नये, हा या तरतुदीमागील उद्देश होता. ज्यास आज मागासलेपणाचे लक्षण समजले जाते, ते रोख वेतन एके काळी कामगारहिताचे संरक्षक कलम होते. कामगाराच्या लेखी संमतीने धनादेशाद्वारे किंवा खात्यावर वेतन देण्याची मुभा १९७५ मध्ये मिळाली; त्या लेखी संमतीची अट गळून पडण्यास मात्र २०१६ चा डिसेंबर उजाडावा लागला.

पगाराचे पाकीट घरी आले की त्याची वाटणी होई. घरभाडे, वाण्याचे देणे, दूध, मुलांची फी, गावाकडची मनिऑर्डर, आणि साहेबाच्या कचेरीपर्यंत नेणारा रेल्वेचा पास. या सर्वांचे पैसे वेगवेगळ्या पाकिटांत अगर डब्यांत ठेवण्याची रीत मध्यमवर्गीय घरांत सर्वपरिचित होती. तिच्यातील अर्थशास्त्र वरवर पाहता लक्षात येत नाही. बँकेतील शिल्लक हा एक आकडा असतो. त्यातील कोणता रुपया फीचा व कोणता तांदळाचा हे आकडा सांगत नाही. डब्यातील पैशाला मात्र नाव असते. फीच्या डब्यातून भाजी आणणे ही घरातील एक लहानशी चोरीच, आणि ती करणाऱ्यास तशी जाणीवही होत असे. अशा रीतीने रोकड हीच हिशेबाची वही बनली होती.

या वाटणीतील दोन बाबी विशेष लक्षणीय आहेत. पहिली मनिऑर्डर. टपाल खात्याने ही सेवा १८८० साली सुरू केली, आणि कोकणातून मुंबईत आलेल्या चाकरमान्याचे घर तिच्या आधारावर चाले. येथे पैसा प्रवास करी तो कागदाच्या रूपाने, परंतु दोन्ही टोकांस तो रोखच असे: इकडे खिडकीवर मोजून द्यावयाचा, तिकडे पोस्टमनने उंबऱ्यावर मोजून द्यावयाचा. फॉर्मच्या तळाशी दोन ओळींचा मजकूर लिहिण्यास जागा असे, तेवढ्यात ख्यालीखुशाली उरके. दुसरी बाब रेल्वेच्या पासची. मासिक अथवा त्रैमासिक पास म्हणजे प्रवासाचे आगाऊ चुकविलेले मोल. रोजच्या रोज तिकिटासाठी सुट्टे पैसे मोजण्याची कटकट डोंबिवलीकराने अशी कधीच संपविली होती. रोखीवाचून चालणारा व्यवहार त्याला परका नव्हता. जेथे दर ठरलेला, घेणारा कायमचा आणि वापर नित्याचा, तेथे तो त्याने आनंदाने पत्करला होता.

वाण्याचे खाते हे या व्यवस्थेचे दुसरे अंग. महिनाभर सामान न्यावयाचे, वाण्याने ते वहीत मांडून ठेवावयाचे, पगार झाला की चुकते करावयाचे. दुधाचाही हिशेब असाच. ज्या दिवशी दूध घेतले नाही त्या दिवसाचा खाडा दिनदर्शिकेवर मांडला जाई. ही पत कागदपत्रांवर मिळत नसे. कुटुंब कोठल्या वाडीत राहते, कर्ता कोठे नोकरीस आहे, मागील महिन्याचे देणे थकले होते काय, इतके वाण्यास ठाऊक असले म्हणजे पुरे. या माहितीतच उधारीची किंमतही दडलेली होती. ज्याच्या वहीत आपले नाव आहे त्यास आपल्या घरात या महिन्यात तूप किती आले, साखर का वाढली, पाहुणे किती दिवस राहिले, हे सर्व कळते. थकबाकीदारास दुकानावरून जाताना मान खाली घालावी लागे. दुसऱ्या दुकानी जाण्याचे स्वातंत्र्य त्याला उरत नसे. ‘आज रोख, उद्या उधार’ ही दुकानातील पाटी ग्राहकाला हसविण्याकरिता लावलेली असली तरी तिच्यात दोन्ही पक्षांचा अनुभव साठलेला आहे. स्वाभिमानी गृहिणी रोखीने खरेदी करी ती वाण्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तर आपण कोणाच्या वहीत नाही या समाधानासाठी.

रोखीला प्राधान्य म्हणजे कोणत्याही चलनावर आंधळा विश्वास, असाही अर्थ काढता येत नाही. कागदी नोट हीच मुळी एके काळी संशयास्पद वस्तू होती. पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण भासू लागली तेव्हा सरकारने १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची, आणि त्यापाठोपाठ अडीच रुपयांची नोट काढली. १९१८ मध्ये नोटा देऊन चांदीचे रुपये घेण्यासाठी चलन कचेऱ्यांवर झुंबड उडाली आणि अमेरिकेकडून पिटमन कायद्यान्वये २० कोटी औंस चांदी आणून ती भागवावी लागली. १९४० मध्ये पुन्हा तोच प्रकार घडला. तेव्हा गरजेहून अधिक नाणी जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविण्यात आला आणि एक रुपयाची नोट पुनश्च प्रचारात आली. पुढे तांब्याचीही टंचाई होऊन १९४३ साली मध्ये भोक असलेला पैसा निघाला. मोड मिळेना म्हणून टपालाची तिकिटे सुट्ट्या पैशांऐवजी फिरू लागली. आजची पिढी ज्या नोटेला रोख म्हणून कवटाळते, तिच्याकडे तिच्या आजोबांनी ‘हा नुसता कागद’ म्हणूनच पाहिले होते.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. १६ आणे, ६४ पैसे व १९२ पै यांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. चार आण्यांचे २५ व आठ आण्यांचे ५० हे सरळ होते. परंतु एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात आणि सव्वा पैशाचे नाणे कोठेच नव्हते. म्हणून आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ असे कोष्टक ठरले. एक आण्याची वस्तू तीनदा घ्यावी की तीन आण्यांची एकदा, असल्या कूट प्रश्नांना भाजीबाजारात काही काळ महत्त्व आले. ‘नवा’ हा शब्द १९६४ च्या जूनमध्ये अधिकृतरीत्या गळाला. चार आणे, आठ आणे, बारा आणे हे शब्द मात्र नाणी गेल्यावरही कित्येक वर्षे बोलण्यात टिकले. लोकांच्या जिभेवरचे चलन सरकारी राजपत्राच्या गतीने बदलत नाही.

बँकांचे पाऊल डोंबिवलीत उशिरा पडले असे नाही. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा वाढल्या, आणि १९७० साली डोंबिवली नागरी सहकारी बँक स्थापन झाली. ठाण्यात व कल्याणातही याच सुमारास नागरी सहकारी बँका उभ्या राहिल्या. संचालक ओळखीचे, कारकून ओळखीचे, भाषा आपली, त्यामुळे वाण्याच्या वहीतील ओळख जणू एका मोठ्या वहीत उतरली. तथापि या बँका मध्यमवर्गाने वापरल्या त्या मुख्यतः ठेवीसाठी व कर्जासाठी, बाजारहाटासाठी नव्हे. धनादेश-पुस्तिका कपाटात राहिली आणि पिशवी घेऊन बाजारात जाताना नोटाच बरोबर राहिल्या. पैसे वाढविण्याची जागा आणि पैसे खर्चण्याची जागा यांत डोंबिवलीकराने स्पष्ट भेद केला होता. मोठ्या रकमांचा, विशेषतः सदनिकांच्या खरेदीतील नोंदीबाहेरच्या रोखीचा व्यवहार हा वेगळा विषय आहे. तो झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु भाजीवालीच्या वीस रुपयांना त्याच मापाने मोजणे हे विश्लेषण नव्हे. १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने केलेली मनाई हा भेद मान्य करते, ही तिची जमेची बाजू होय.

घरातील स्त्रीने पगाराबाहेर साठविलेली रक्कम हा या इतिहासातील सर्वांत अलिखित भाग आहे. घरखर्चातून वाचविलेले, माहेरून आलेले, शिवणकामाचे किंवा पापड-लोणच्याचे पैसे तांदळाच्या डब्यात, पातळांच्या घडीत ठेवले जात. काही भिशीत जात. या पैशांची वाच्यता होत नसे, आणि त्यांचे मोल त्यातच होते. मुलीच्या वेळी, आजारपणात, नवऱ्याची नोकरी गेली असता ते बाहेर निघत. बँकेचे पासबुक घरातील कोणीही उघडून पाहू शकतो. डबा कोणता हे एकीलाच ठाऊक असते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री हा डबा उघडावा लागला. पाचशे व हजारांच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याने त्या एकूण चलनाच्या सुमारे ८६ टक्के होत्या. नोटा रद्द होण्याचे हे पहिले उदाहरण नव्हे. १९४६ व १९७८ साली तसे घडले होते, परंतु तेव्हा रद्द झालेल्या हजार व त्यावरील नोटा चाकरमान्याच्या घरी फारशा नव्हत्याच (१९४६ साली पाचशेची नोटही गेली, पण ती तरी कोणाकडे होती?). म्हणून आधीच्या दोन घटना वर्तमानपत्रातील बातम्या ठरल्या आणि तिसरी घराघरांतील घटना ठरली. रेल्वेच्या खिडकीवर जुन्या नोटा काही आठवडे स्वीकारल्या जात होत्या, त्यामुळे पासाची ती जुनी आगाऊ भरणा-पद्धत अनपेक्षितपणे उपयोगी आली. नागरी सहकारी बँका जुन्या नोटा घेऊ शकत होत्या. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना १४ नोव्हेंबरपासून मनाई झाली. एकाच ठाणे जिल्ह्यातील डोंबिवलीचा पगारदार आणि मुरबाडचा शेतकरी यांच्यात या आदेशाने भेद उत्पन्न केला.

त्याच मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून घोषित झाले. दुकानांत कार्डाची यंत्रे बसली. वर्षभरातच तेथील बराच व्यवहार पुन्हा रोखीने होऊ लागल्याची वृत्ते आली. यात आश्चर्य नाही. गावच्या दुकानदाराला ज्या गिऱ्हाइकाचे नाव, शेत आणि पीक ठाऊक आहे त्याच्याशी यंत्राच्या मध्यस्थीने व्यवहार करण्याचे प्रयोजन दोघांनाही पटले नसावे. पुढे ३ ते ५ फेब्रुवारी २०१७ या दिवसांत डोंबिवलीत ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा बचत खात्यातून आठवड्याला २४,००० रुपयांपलीकडे रक्कम काढण्यास बंदी अजून चालूच होती.

डब्यातील पैशांचे पुढे काय झाले याविषयीचा एक दाखला डोंबिवलीबाहेरचा असला तरी येथे द्यावा लागतो. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरणा केल्यास चौकशी होणार नाही असे आश्वासन सरकारने दिले होते. ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने भरलेली सुमारे दोन लाख अकरा हजारांची रक्कम आयकर खात्याने तरीही अघोषित उत्पन्न मानली. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने जून २०२१ मध्ये हा निर्णय रद्द केला आणि घरखर्चातून साठविलेला पैसा हे तिचे उत्पन्न समजता येणार नाही असे ठरविले. तिच्या बाजूने निकाल लागण्यास साडेचार वर्षे लागली. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबाप्रमाणे रद्द झालेल्या नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक परत आल्या. परत आलेल्या नोटांत असे किती डबे होते याचा हिशेब कोणत्याही अहवालात नाही.

खात्यावरील विश्वासाला धक्का बसला तो तीन वर्षांनी. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारास सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढता येतील असे ठरले. ही मर्यादा थोड्याच दिवसांत १०,००० व पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. ठेवविम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली, हा सुधार झाला. तथापि मुंबई-ठाणे परिसरातील ज्येष्ठ ठेवीदारांनी या काळात काढलेला धडा सोपा होता : खात्यावरील पैसा आपला असतो, परंतु आपल्या हातात असेलच असे नाही. घरात दोन महिन्यांचा खर्च रोख ठेवावा हा जुना नियम पुन्हा बोलला जाऊ लागला.

यानंतरचा बदल मात्र खरा आणि मोठा आहे. एप्रिल २०१६ मध्ये प्रारंभ झालेली यूपीआय पद्धत, जानेवारी २०२० पासून तिच्यावरील दुकानदाराचे शुल्क शून्य झाल्यामुळे आणि पाठोपाठ आलेल्या महासाथीमुळे, फडके रोडवरील दुकानापासून स्थानकाबाहेरच्या भाजीच्या टोपलीपर्यंत पोहोचली. मोडीचा जुना प्रश्न तिने सोडविला. शेअर रिक्षातील तिघा प्रवाशांनी सुट्ट्या नाण्यांसाठी एकमेकांची तोंडे पाहावयाची, हा रोजचा प्रसंग विरळ झाला. दहा रुपयांचे नाणे खरे की खोटे हा वाद इतका माजला होता की, सर्व १४ प्रकारची नाणी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावे लागले. तो वादही भ्रमणध्वनीने बाजूस सारला.

असे असून रोख घटली नाही. मार्च २०१६ अखेर चलनात १६.४२ लाख कोटी रुपयांच्या नोटा होत्या. मार्च २०२४ अखेर त्या ३४.७८ लाख कोटींच्या झाल्या. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१८ व जानेवारी २०१९ मध्ये मुंबईसह सहा शहरांत केलेल्या पाहणीतही पाचशे रुपयांपर्यंतच्या खर्चास रोखीचाच वापर प्रामुख्याने होत असल्याचे आढळले होते. ते छोटे खर्च आज पुष्कळ अंशी भ्रमणध्वनीवर गेले आहेत. म्हणजे वाढलेल्या नोटा बाजारात फिरण्यापेक्षा घरात स्वस्थ बसल्या आहेत असे अनुमान निघते. डब्याचे काम डबा अजून करीत आहे.

वाण्याच्या वहीचा गुणही या नव्या पद्धतीने पुनश्च आणला आहे. प्रत्येक देणे कोठेतरी मांडले जाते. फरक इतकाच की, मांडणारा ओळखीचा नाही. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूच्या छोट्या विक्रेत्यांना, त्यांच्या खात्यावर जमा झालेल्या रकमांच्या आधारे वस्तू व सेवा कराच्या नोटिसा आल्या, तेव्हा तेथील कित्येक दुकानांत ‘फक्त रोख’ अशा पाट्या झळकल्या. कर बुडविणाऱ्यांची ती ओरड होती असे म्हणणे सोपे आहे, आणि काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु दूध-भाजीसारखा करमुक्त माल विकणाऱ्यालाही खुलासा करीत बसावे लागले, ही बाब त्याने शेजाऱ्याकडून ऐकली की तो आपली पाटी बदलतो.

डोंबिवलीतील पोळी-भाजी केंद्रांत हे सर्व प्रवाह एकत्र आलेले दिसतात. संध्याकाळच्या गाडीने उतरलेल्या नोकरदार स्त्रिया तेथे पोळ्यांची पुडकी घेतात, चौकोनी चित्रासमोर भ्रमणध्वनी धरतात आणि गल्ल्यावरील यंत्र जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगते. आत पोळ्या लाटणाऱ्या स्त्रियांना मजुरी देण्याची वेळ आली की मात्र त्यांतील पुष्कळजणी ती रोख मागतात. खाते त्यांचेही असते. पण त्या खात्याशी जोडलेला भ्रमणध्वनी बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो, आणि रक्कम जमा झाल्याचा संदेश प्रथम त्यालाच कळतो.